दोन गावपळणींची वजाबाकी

डोंगर पुसून टाकायचा मला पगार मिळतो. हे वाक्य मी लग्नकार्यात मुद्दाम टाकते, कारण ते ऐकून समोरची बाई जे तोंड करते ते बघण्यासारखं असतं. पण काम खरंच तेवढंच आहे. कातळणी गावासमोर, नदीच्या पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक रडार उभं आहे. गवे, रानडुकरं आणि अलीकडे घाट उतरून येणारे हत्ती काजूच्या बागेत शिरायच्या आत गावातल्या सगळ्या फोनांवर घंटा वाजवायची, हे त्याचं काम. त्याला नीट दिसतंय ना हे बघायचं, हे माझं. मी हर्षदा गुरव, वय अडतीस, कातळणीचीच. लग्न केलेलं नाही आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं मला आवडत नाही.

रडारची अडचण दिसत नाही ही नसते, नको तेवढं दिसतं ही असते. लहर सोडली की ती डोंगराला आपटते, कौलांना आपटते, कुंपणाच्या दगडी गडग्यांना, विजेच्या खांबांना, तुळशीवृंदावनांनाही आपटते, आणि सगळेच एकदम ओरडून उत्तर देतात. त्या गलक्यात गव्याचं उत्तर म्हणजे भरल्या बाजारात कोणी तरी कुजबुजावं तसं. मग युक्ती अशी करायची की एक लहर सोडायची आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत दुसरी. जे जागचं हललं नाही ते दोन्ही वेळा अगदी तेच उत्तर देतं. एकातून दुसरं वजा केलं की बाकी शून्य. डोंगर गेला, घरं गेली, देऊळ गेलं. जे मधल्या काळात सरकलं त्याचं उत्तर किंचित बदलतं आणि वजाबाकीनंतर तेवढंच पडद्यावर उरतं. झाडं डोलतात, पण जेवढी पुढे जातात तेवढीच मागे येतात, म्हणून त्यांचाही हिशेब सुटतो. आमच्या धंद्यात जे स्थिर आहे त्याला सरळ कचरा म्हणतात.

पहिल्या वर्षी या यंत्राने माझी अब्रू काढली. जागच्या वस्तूंचा एक नकाशा ते जवळ ठेवतं आणि नकाशात नसलेलं काही दिसलं की बोंब मारतं. गावात तर रोज काहीतरी नवीन उभं राहतं. कोणी गवताची उडवी रचली, कोणी मांडव घातला, कोणी पत्र्याची शेड ठोकली. एका आठवड्यात अकरा खोटे हत्ती आले. त्यातला एक सरपंच अंकुश मेस्त्रींचा स्वतःचा नवा गोठा होता. पंचायतीत त्यांनी माझी अशी काही खरडपट्टी काढली की आठवलं तरी कान तापतात. मग मी यंत्राला सांगितलं, रोज सकाळी पाचला गावाकडे नव्याने बघ. आज जे जिथे आहे तीच त्याची जागा. कालचं विसर. तक्रारी थांबल्या आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. एवढी मोठी चूक करून श्रीफळ मिळवणारी तालुक्यात मी एकटीच असेन.

यंत्र बसवलं ते गेल्या गावपळणीत. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. दर तीन वर्षांनी, पाऊस संपून थंडी पडली की आमचा अख्खा गाव देवाच्या हुकमाने घराबाहेर पडतो. माणसं, गुरं, कुत्री, टोपलीत घातलेल्या कोंबड्या, सगळी वेस ओलांडून नदीपलीकडे झावळ्यांचे माटव घालून राहतात. तीन दिवस, तीन रात्री. गावात दिवा लावायचा नाही आणि पाऊल टाकायचं नाही. चौथ्या सकाळी वेशीवरच्या रवळनाथाच्या देवळात कौल लावायचा, म्हणजे देवाच्या पाषाणावर डावीउजवीकडे पाकळ्या चिकटवून कुठली आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर घरी जायची परवानगी. डावी पडली किंवा एकही पडली नाही तर आणखी एक दिवस बाहेर. कौल लावतात ते गुरव, आणि दिवा घेऊन सगळ्यांच्या आधी गावात पाऊल टाकतात तेही गुरवच. ते गुरव म्हणजे माझे वडील, वासू गुरव. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

आबांचं आणि माझं तीन वर्षं धड बोलणं नव्हतं. चूक माझीच. चार मानकऱ्यांसमोर मी बोलून गेले होते की पाकळी ओली असली तर उशिरा पडते, सुकी असली तर लवकर, यात देवाचा काय संबंध. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त जेवण झालं का एवढंच बोलायचे.

यंदा पाऊस दिवाळी उलटून गेली तरी रेंगाळला. नोव्हेंबरात वादळाने आठ दिवस झोडपलं आणि ऊन पडल्यावर गावपळण आली. गाव बाहेर पडला त्या सकाळी मी रडारच्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. एरवी पडद्यावर नऊशेच्या आसपास ठिपके वळवळत असतात, कारण पंखेसुद्धा हलतात आणि दोरीवरचे कपडेसुद्धा. आता ते विझायला लागले. चारशे. नव्वद. मग वीस, म्हणजे शेवटची गुरं. अकरा वाजता आकडा शून्य झाला. मी यंत्र बिघडलं म्हणून दोनदा तपासलं. बिघडलं नव्हतं. समोर खरोखरच एक सबंध गाव होता आणि त्यात काहीही हलत नव्हतं. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि ही तर मी डोळ्यांनी बघत होते.

दुसऱ्या दिवशी पुसायला काहीच नव्हतं, म्हणून मी पुसलेलं काढून बघत बसले. गेल्या गावपळणीतला पहिला नकाशा मी जपून ठेवला होता. तेव्हाही गाव असाच रिकामा होता. मनात आलं, दोन लहरींमधली वजाबाकी आपण रोज करतो, मग दोन गावपळणींमधली करून बघू. मध्ये सेकंदाचा हजारावा भाग नाही, तीन वर्षं. पानं बदलली असतील, पण कातळ, गडगे आणि विहिरींचे काठ तेच. ते जागेवर असतील तर बाकी शून्य यायला हवी.

खालची वाडी शून्य आली. देऊळ शून्य. डोंगराच्या पायथ्याशी सदतीस घरांची वरचीवाडी आहे, तिचा मधला भागही शून्य आला. मी चहा प्यायले. चहा पिता पिता दिसलं की त्या शून्याभोवती एक कडं आहे, कड्याबाहेर पुन्हा शून्य, पुन्हा कडं. पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशी वरचीवाडीभोवती सात कडी होती.

घड्याळाचा काटा पूर्ण फेरी मारून पुन्हा बारावर आला, तर मध्ये न बघणाऱ्याला वाटतं तो हललाच नाही. रडारलाही तसंच होतं. आमच्या लहरीत वस्तू दीड सेंटिमीटर सरकली की एक फेरी पूर्ण होते आणि उत्तर पहिल्यासारखं येतं. एक कडं म्हणजे एक फेरी. सात कडी म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. सगळा उतार, त्यावरची घरं, विहिरी आणि तुळशीवृंदावनं घेऊन डोंगर तीन वर्षं खाली चालत होता. दिवसाला कागदाच्या जाडीइतका. आणि रोज पहाटे पाचला माझं यंत्र त्याच्याकडे नव्याने बघून म्हणत होतं, हीच तुझी जागा, कालचं विसरलो.

मी घाबरले हे खरं, पण खोटं कशाला सांगू, त्याच्याही आधी मी हात जोडले. कोणाला जोडले ते मलाच ठाऊक नाही. कोणीतरी, कधीतरी, गावाला दर तीन वर्षांनी गप्प बसायची सवय लावून ठेवली होती, आणि त्या दोन गप्प बसण्यांच्या मधून डोंगराची चाल मला दिसली होती. शहाण्या माणसांनी भरलेल्या कुठल्याही प्रयोगशाळेला असा गाव मिळाला नसता.

मग मी जुनं सोडून आजचं मोजायला लागले. रिकाम्या गावात अर्धा मिलिमीटरसुद्धा लपत नव्हता. पहिल्या दिवशी डोंगर एक मिलिमीटर सरकला होता, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दुपारपर्यंत चार झाले. वेग असा दुप्पट होत गेला की पुढचं गणित शाळेतलं पोरही करेल. डोंगर कधी सुटणार याचं उत्तर आलं, उद्या संध्याकाळ. म्हणजे कौल होऊन सगळे घरी पोचल्यावर, चुली पेटल्यावर.

जिल्ह्याच्या साहेबांना फोन केला. ते चांगले बोलले. म्हणाले, यंत्राला मान्यता जनावरांपुरती आहे, भूगर्भवाले लोक सोमवारी येतील, तोवर लेखी काही देता येणार नाही. सोमवारला चार दिवस होते. मग सरपंचांना गाठलं. मेस्त्री माटवात पानं वाढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की हा बारावा हत्ती का. आजूबाजूची माणसं हसली. मलाही दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर हसू आलं असतं.

उरले आबा. मी त्यांना रडारच्या खोलीत बोलावलं आणि ते आले, हेच मला नवल होतं. पडद्यावरची कडी दाखवली, काट्याची फेरी समजावली. वरचीवाडीत त्यांच्या चुलत भावाची विधवा सुगंधाकाकी राहते. तिचं घर कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं.

“सुगंधाच्या दाराक सुतारान तीनदा रंधो मारल्यान,” आबा म्हणाले. “दर येळाक आम्ही म्हटलां, लाकूड फुगलां.”

त्यांना पटलं होतं. मग मी जे बोलायला त्यांना बोलावलं होतं ते बोलले. पाकळ्या ओल्या ठेवा म्हटलं. पडायलाच नकोत. गाव आपोआप एक दिवस बाहेर राहील, हवं तर दोन. कोणाला कळणार नाही.

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला लहान झाल्यासारखं वाटलं.

“देवाच्या आंगार खोटो हात मी लावचंय नाय,” ते म्हणाले. “पन्नास वर्सां लावूक नाय. कौल काय तो येतलो, आणि तो मी सगळ्यांका खरो सांगतलंय.”

मी चिडले, रडले, सदतीस घरांची नावं घेतली. ते उठले आणि जेवलीस का विचारून निघून गेले.

चौथ्या सकाळी सहाशे माणसं देवळासमोर उभी होती. बायकांनी बोचकी बांधलेली, पोरं घरी जायला उतावीळ. आबांनी स्नान करून ओलेत्याने पाकळ्या लावल्या आणि देवापुढे सगळं सांगितलं, माझी सात कडीही सांगितली आणि दाराला मारलेला रंधाही. मी गर्दीत उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा एका पाकळीकडे जीव मुठीत धरून बघत होते. जिला मी ओलसरपणाचा खेळ म्हटलं होतं, तिनेच आज माझं ऐकावं असं वाटत होतं. डावी पड, डावी पड.

उजवी पडली.

लोकांनी बोचकी उचलली. आबा वळले. हातात पेटता दिवा होता.

“कौल उजवो,” त्यांनी स्पष्ट सांगितलं. “देवान घराक जावक सांगल्यान.”

आणि ते वेशीच्या दगडावर बसले.

काय झालं ते कोणाला कळेना. मेस्त्री पुढे झाले, म्हणाले, आबा, चला. आबांनी दिवा मांडीजवळ ठेवला.

“कौल देवाचो,” ते म्हणाले. “पाय माझे. मी जावचंय नाय.”

गुरवाच्या दिव्याआधी कोणी गावात शिरत नाही. शिरायचंच नसतं. म्हाताऱ्यांनी समजावलं, मानकऱ्यांनी शिव्या दिल्या, कोणी म्हणालं पोरीने बापाला नादी लावलं. आबा ऐकत राहिले. देवाचा शब्द मोडणारा गुरव कातळणीने कधी पाहिला नव्हता आणि आबांनीही पाहिला नव्हता.

संध्याकाळ आली आणि काही झालं नाही.

मी पडद्यावर बघितलं तर डोंगराचा वेग उतरला होता. आठ मिलिमीटरवरून पाच. असं होतं कधीकधी, उतार अडकतो, काही वेळा तिथेच थांबूनही राहतो, मग वर्षानुवर्षं काही होत नाही. मी खोटं बोलू शकले असते. पण ज्या माणसाने माझ्यासाठीही खोटा हात लावला नाही, त्याच्याशी कशी बोलणार? मी वेशीपर्यंत चालत गेले.

“आबा, डोंगर मंदावलो,” मी म्हटलं. “माझा चुकला आसात.”

“थांबलो?”

“नाय. थांबूक नाय.”

“मगे?” म्हणाले आणि दिव्यात तेल घातलं.

पाचव्या दिवशी गाव दुभंगला. निम्मे म्हणत होते, दुसरा गुरव नेमू, आत्ताच. मेस्त्रींनी शेजारच्या गावातल्या गुरवाला फोनही केला आणि तो दुचाकीवरून निघालाही. चार वाजले असतील. मी त्या गुरवाला अडवायचं कसं या विचारात नदीकाठी उभी होते, एवढ्यात सहाशे माणसांचे सगळे फोन एकदम वाजले. मी बसवलेली ती घंटा तीन वर्षांत मी इतक्या जणांच्या हातात एकाच वेळी कधी ऐकली नव्हती. फोनच्या पडद्यावर लिहिलं होतं: हत्तींचा कळप. वरचीवाडी. दिशा गावाकडे.

बिचाऱ्या यंत्राला एवढ्या मोठ्या हलत्या वस्तूसाठी दुसरं नाव शिकवलेलंच नव्हतं. जो डोंगर ते रोज पुसत आलं, तो पहिल्यांदा वजाबाकीतून उरला होता.

आम्ही वर बघितलं. काजूची झाडं उभीच्या उभी चालत खाली येत होती. एकही पडलं नाही, सगळी सरळ, शिस्तीत, आणि त्यांच्यामागे अख्खा उतार. आवाज नव्हता. वरचीवाडीची सदतीस घरं हळूच जागची सुटली, थोडं अंतर झाडांबरोबर गेली आणि मग ती दिसेनाशी झाली. आवाज त्यानंतर आला, पायाखालून आला, आणि नदीचं पाणी थरथरलं. मी इतकी वर्षं डोंगराला कचरा म्हणत आले होते. त्या क्षणी मला त्याच्यापुढे उभं राहवेना, मी खाली बसले.

धूळ बसली तेव्हा मेस्त्रींनी माणसं मोजायला घेतली. दोनदा मोजली. सहाशे अकरा. सगळी होती.

सुगंधाकाकी घराची किल्ली हातात धरून बघत होती, जिथे घर होतं तिथे. लोक आबांच्या पाया पडायला धावले. देवाने तुमच्या तोंडून वाचवलं म्हणाले. आबांनी पाय मागे घेतले. म्हणाले, खोटं बोलू नका, देवाने जा म्हणूनच सांगितलं होतं. आणि ते देवळात गेले, पाषाणासमोर हात जोडून उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालू लागले.

आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. गावाने होकार दिला की ते मागणं देवाला पोचतं.

“बा देवा म्हाराजा, तू जावक सांगलंस, मी गेलंय नाय.”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले.

“तुझो कौल मी मोडलंय.”

“व्हय म्हाराजा.” आवाज निम्म्यावर आला होता.

“ह्येची काय शिक्षा आसात, ती माका एकट्याक कर. गावाक लावून घेव नको.”

कोणीच बोललं नाही. आबा थांबले. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, कारण होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही आणि त्यांना ते पुरं करायचं होतं. सहाशे माणसं मान खाली घालून उभी होती.

सुगंधाकाकी गर्दीतून पुढे आली. घर गेलेली बाई, पदर धुळीने भरलेला.

“नाय म्हाराजा,” ती म्हणाली.

मग मेस्त्री म्हणाले. मग सगळा गाव म्हणाला. देवाशी वाद घालायची माझी हौस गावाला माहीत होती, पण त्याच्याशी बोलताना मला कोणी ऐकलं नव्हतं. मी घसा फोडून म्हटलं, “नाय म्हाराजा.”